चार सूत, पाच सूत आणि रायफलचं तोंड

गोरेगाव म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? फिल्म सिटी, आरेची झाडी, मॉलमधलं वीकेंडचं पार्किंग आणि सकाळच्या लोकलची ती जीवघेणी गर्दी. बरोबर?

पण महाराष्ट्रात गोरेगाव एकच नाही. रायगडमध्ये माणगावच्या बाजूला एक गोरेगाव आहे. गोंदिया जिल्ह्यात तर गोरेगाव नावाचा अख्खा तालुका आहे. आणि एक गोरेगाव आहे मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात. सोयाबीन, तूर, हळद असा तिथला कारभार. कुरिअरवाल्याला नुसतं ‘गोरेगाव’ सांगून पार्सल मागवलंत तर ते कुठे उतरेल, देव जाणे! नाव जुळलं म्हणून पत्ता जुळत नाही. त्यासाठी पिनकोड लागतो.

हा पिनकोडचा धडा लक्षात ठेवा. कारण आज ज्या विषयावर आपण गप्पा मारणार आहोत, तिथे नाव जुळलं पण ‘पिनकोड’ चुकला तर पार्सल नाही, माणूस जातो. विषय आहे रायफलच्या नळीच्या तोंडावर पाडलेले आटे!

‘आम्ही एक्सेल शीटवाले, आमचा रायफलशी काय संबंध?’ असं म्हणून पान उलटू नका. ज्या नियमांनी रायफलच्या तोंडावर काय बसणार हे ठरतं, तेच नियम तुमच्या बाथरूमच्या नळाला, सायकलच्या पेडलला आणि ऑफिसच्या खुर्चीखालच्या बोल्टलाही लागू आहेत. फरक एवढाच, की नळाचे आटे चुकले तर पाणी गळतं.

सुताची भाषा

सुरुवात वर्कशॉपपासून करू. हिंगोलीकडच्या कुठल्याही गावातलं वेल्डिंगचं किंवा पंप दुरुस्तीचं दुकान घ्या. तिथे बोल्ट मागताना कुणी ‘हाफ इंच’ म्हणत नाही. ‘भाऊ, चार सुती बोल्ट द्या’ असंच म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पाच सूत म्हणजे ५/८ इंच, जवळपास १६ मिलिमीटर. तुमच्या नव्या फ्लॅटच्या स्लॅबमधली १२ एमएमची सळई साइटवरच्या मुकादमासाठी आजही ‘चार सुती’ आणि १६ एमएमची ‘पाच सुती’च असते. सरकारने १९५६ साली कायदा करून मेट्रिक आणलं, पण जिभेवरून सूत काही उतरलं नाही.

दुकानदाराचा पुढचा प्रश्न ठरलेला. ‘आटे जाड पाहिजेत का बारीक?’ इथेच शहरी गिऱ्हाईक गडबडतं. बोल्ट म्हणजे बोल्ट, त्यात आटे कसले? तर आटे म्हणजे बोल्टवर गोल गोल फिरत गेलेली ती खाच. एका इंचात असे किती आटे बसतात, यावर सगळा खेळ. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या चार सुती बोल्टवर इंचाला १२ आटे. अमेरिकन जाड पद्धतीत १३. अमेरिकन बारीक पद्धतीत २०. आणि त्याहून बारीक पद्धतीत २८. चौघेही चार सुतीच, पण एकाचा नट दुसऱ्याला बसत नाही. जबरदस्तीने पाना मारलात तर आटे मरतात आणि मग फिटर तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतो, ती नजर अप्रेझलच्या वेळच्या बॉसपेक्षा वाईट असते.

आता ही गंमत बघा. यातला शेवटचा आकार, म्हणजे चार सूत आणि इंचाला २८ आटे, हा जगातल्या सर्वांत परिचित रायफल-आट्यांपैकी एक आहे. अमेरिकन एम-१६ आणि तिच्या सगळ्या भावंडांच्या तोंडावर हेच आटे असतात. कागदावर ते १/२-२८ असं लिहितात. तिच्याहून दणकट ७.६२ मिलिमीटरच्या रायफलींवर बहुतेक वेळा पाच सूत आणि २४ आटे, म्हणजे ५/८-२४. पेंटॅगॉनचा इंजिनीअर आणि सेनगावचा फिटर, दोघांची भाषा अशी एकच निघते!

तोंडावर असतं काय?

सिनेमात हीरो नळीच्या टोकाला काळी नळकांडी फिरवून बसवतो, तेवढंच आपल्याला माहीत. पण तोंडावर बसणारी साधनं तीन-चार तऱ्हेची असतात.

पहिलं, फ्लॅश हायडर. काडतुसातली दारू नळीच्या आत पूर्ण जळत नाही. उरलेले तप्त वायू बाहेर येऊन हवेला भिडतात आणि भडका उडतो. रात्रीच्या अंधारात हा भडका खुद्द गोळी झाडणाऱ्याचेच डोळे दिपवतो आणि त्याची जागाही दाखवतो. फ्लॅश हायडर या वायूंना फाकवून भडका लहान करतो. नळी जितकी आखूड, तितका भडका मोठा, म्हणून आखूड रायफलीला त्याची गरज जास्त.

दुसरं, मझल ब्रेक. हा वायूंना बाजूला किंवा मागे वळवतो आणि खांद्याला बसणारा धक्का कमी करतो. तिसरं, कॉम्पेन्सेटर. हा वायू वरच्या दिशेला सोडतो, त्यामुळे नळी वर उचलली जात नाही. आणि चौथा आपला सिनेमावाला सायलेन्सर, ज्याला जाणकार ‘सप्रेसर’ म्हणतात. कारण आवाज त्यातून कमी होतो, गायब होत नाही. ते ‘फुस्स’ फक्त डबिंग स्टुडिओत होतं.

ही सगळी साधनं नळीला धरून राहतात ती मुख्यतः आट्यांच्या जिवावर. मधोमध गोळीला जायला भोक असतं, आणि ते गोळीपेक्षा जरासंच मोठं असतं. एवढ्याशा फटीतून गोळी आवाजाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने निघते. म्हणजे साधन केसभर तिरकं बसलं तरी काय होईल, याची कल्पना करा.

पहिला प्रश्न : भिंत किती उरते?

मग आट्यांचा आकार ठरवतात कसा? सोपं गणित आहे, मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा.

आटे पाडायचे म्हणजे नळीचं पोलाद बाहेरून कापायचं. आतून तर गोळीचं भोक आहेच. बाहेरचा काप आणि आतलं भोक यांच्यामध्ये जे उरतं, ती भिंत. गोळी जाताना मागून ढकलणाऱ्या वायूंचा दाब या भिंतीनं सोसायचा असतो.

चार सूत-२८ घ्या. आट्यांच्या तळाशी व्यास उरतो साधारण ११.६ मिलिमीटर. ५.५६ रायफलीची गोळी असते ५.७ मिलिमीटर व्यासाची. वजाबाकी करून दोनाने भागा. प्रत्येक बाजूला जवळपास ३ मिलिमीटर भिंत. छान! आता त्याच आट्यांतून ७.६२ची गोळी पाठवायची म्हटली तर? तिचा व्यास ७.८. भिंत उरली २ मिलिमीटरपेक्षाही कमी. दमदार काडतूस आणि वर लटकणारं जड साधन असेल तर हा सौदा कुणी शहाणा इंजिनीअर करणार नाही. म्हणून तो पाच सुतावर जातो. ५/८-२४ मध्ये तळाचा व्यास १४.६च्या आसपास, म्हणजे भिंत पुन्हा ३.४ मिलिमीटर. जीव भांड्यात!

पण थांबा, भिंत म्हणजे सगळं नव्हे. एके-४७च्या घराण्यातल्या एकेएमवर आटे असतात मेट्रिक, १४ मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर पिच. तिथे भिंत उरते साधारण २.४ मिलिमीटर. तरी ती रायफल जगभर वाळवंटात, चिखलात, बर्फात चालली. कारण तिचं काडतूस तुलनेनं मवाळ आणि तोंडावरचं साधन छोटंसं. म्हणजे व्यास, दाब आणि वर किती वजन लटकणार, हे तिन्ही एकत्र बघायचं असतं. पगाराचं पॅकेज बघताना नुसता सीटीसी बघून चालत नाही, तसंच.

आणखी एक मुद्दा म्हणजे खांदा. आटे जिथे संपतात तिथे नळीला एक पायरी ठेवतात. साधन त्या पायरीवर घट्ट टेकतं आणि सरळ उभं राहतं. पाच सूत आटे पाडून वर पायरीही ठेवायची तर नळी मुळातच जाड हवी, साधारण १८-१९ मिलिमीटर तरी. शिकारीच्या सडपातळ रायफलींची नळी टोकाला तेवढी नसते. तिथे पाच सुताचा हट्ट धरला तर पायरीच उरत नाही. म्हणजे प्रश्नांचा क्रम असा : गोळी केवढी, दाब किती, वर काय बसणार आणि नळी किती जाड. ‘कोणते आटे’ हा प्रश्न नंतर येतो.

बारीक आटेच का?

आपल्या पंपाच्या बोल्टला जाड आटे चालतात, मग रायफलीला का नकोत? कारण जाड आटे खोलही असतात. इंचाला १३ आट्यांची खाच २८ आट्यांच्या खाचेपेक्षा दुपटीनं खोल जाते. म्हणजे भिंतीचं पोलाद उगाच वाया. शिवाय बारीक आट्यांचा उतार मंद असतो, त्यामुळे हादऱ्यांनी ते सहज सैल होत नाहीत. रायफलीचे हादरे म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

तिसरा फायदा जास्त मजेशीर. कॉम्पेन्सेटरची भोकं वरच्या बाजूलाच यायला हवीत. साधन पूर्ण कसल्यावर ती डावीकडे वळली तर पंचाईत. २८च्या आट्यावर एक पूर्ण फेरा म्हणजे ०.९ मिलिमीटर पुढे सरकणं. पाव फेरा हवा असेल तर पाव मिलिमीटरहून पातळ वॉशर घालून हिशेब जुळवता येतो. शिंपी जशी मापात अर्धी शिवण सोडतो, तसं हे काम. सगळं नीट बसवलं तरी नेमबाजाला पुन्हा नेम जुळवून घ्यावाच लागतो. टोकावर वजन आलं की गोळी झाडताना नळी वेगळ्या तऱ्हेनं थरथरते आणि गोळी आधीच्या जागी लागत नाही.

बसतं म्हणजे चालतं?

आता खरा धोक्याचा मुद्दा. आपल्या मनात एक भाबडी समजूत असते, की बसलं म्हणजे जुळलं. मोबाइलचा चार्जर बसला, चार्ज झाला, संपला विषय. आट्यांच्या दुनियेत हीच समजूत सर्वांत घातक.

चार सूत-२८ हे आटे फक्त ५.५६ रायफलीवर नसतात. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांवर आणि कार्बाइनवरही ते सर्रास असतात. म्हणजे ५.५६साठी बनवलेला फ्लॅश हायडर ९ मिलिमीटरच्या नळीवर मस्त बसतो. एकही आटा कुरकुरत नाही. पण त्याचं भोक पाडलंय पावणेसहा मिलिमीटरच्या गोळीच्या हिशेबानं आणि आतून येतेय ९ मिलिमीटरची गोळी! पुढचं सांगायला नको.

हा धोका ओळखून कोल्टच्या ९ मिलिमीटर कार्बाइनवर मुद्दाम वेगळे आटे दिले गेले, चार सूत पण इंचाला ३६. चुकीचं साधन चढतच नाही. अमेरिकेत .३०० ब्लॅकआउट नावाचं काडतूस आलं. ते ५.५६च्याच मॅगझिनमध्ये मावतं, पण त्याची गोळी जाडी आहे. त्याच्या नळ्यांना पाच सूत-२४ देण्याची पद्धत पडली. कारण तेच, जुनं ५.५६चं साधन त्यावर चढू नये. म्हणजे आटे इथे नुसते धरून ठेवत नाहीत, ते कुलपाचं काम करतात.

उलटाही प्रकार आहे. छोट्या .२२ रायफलीवर अमेरिकेत चार सूत-२८ असतात, तर ब्रिटनमध्ये चार सूत-२० जास्त चालतात. आणि .२२च्या मवाळ काडतुसासाठी बनवलेलं हलकं साधन ५.५६च्या नळीवर चढवता येतं, कारण गोळीचा व्यासही जवळपास तोच. पण ५.५६चा दाब .२२च्या दुपटीहून जास्त. हलकं साधन तिथे फाटू शकतं. नाव तेच, आटे तेच, भोक तेच आणि तरीही चूक!

हे कुलूप आपल्या ओळखीचंही आहे. त्याच वेल्डिंगच्या दुकानात परत चला. गॅस वेल्डिंगचे दोन सिलिंडर उभे असतात, एक ऑक्सिजनचा, दुसरा ॲसिटिलीनचा. ऑक्सिजनच्या जोडणीला सुलटे आटे आणि ॲसिटिलीनच्या जोडणीला उलटे. दुकानातला नवखा पोरगा कितीही घाईत असला तरी एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला लावू शकत नाही. कुणी पाटी वाचेल की नाही, यावर कुणाचा जीव टांगून ठेवलेला नाही. याला म्हणतात डिझाइन!

उलटे आटे फक्त तिथेच नाहीत. सायकलचं डावं पेडल बघा, तेही उलट्या आट्यांचं. आणि एकेएमचे ते १४ मिलिमीटरचे आटेसुद्धा उलटेच, म्हणजे डावीकडे फिरवून घट्ट होणारे. पुढे रशियनांनी एके-७४ केली तेव्हा तिला २४ मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर पिचचे सुलटे आटे दिले. एकाच घराण्यातल्या दोन पिढ्या, पण एकीचं दुसरीला लागत नाही. सासू-सुनेच्या मालिकेसारखंच की!

इंग्रज साहेब आणि त्याचे ५५ अंश

ही सगळी भानगड सुरू कुठे झाली? एके काळी प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा. एका कारखान्याचा नट हरवला की त्याच कारखान्याकडे जायचं. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनीअरने सगळ्यांसाठी एकच पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक व्यासाला ठरलेले आटे. विशेष म्हणजे पुढे याच व्हिटवर्थने षटकोनी नळीची एक रायफलही बनवली.

अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा मांडला. पाडायला सोपा, मोजायला सोपा. झालं! साहेबांच्या दोन तऱ्हा झाल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्य खांद्याला खांदा लावून लढले खरे, पण एकाचे नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेनात. त्यातून शहाणपण आलं आणि १८ नोव्हेंबर १९४८ला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका सामाईक पद्धतीवर सह्या केल्या. आपले चार सूत-२८ आणि पाच सूत-२४ हे याच ‘युनिफाइड’ घराण्यातल्या अतिबारीक शाखेचे.

भारतात मेट्रिक आट्यांसाठी आयएस ४२१८ हे मानक आहे. पण पाइपांची गोष्ट वेगळी. तिथे अजून व्हिटवर्थ साहेबाचे ५५ अंशच चालतात. तुमच्या बाथरूमचा ‘अर्धा इंची’ नळ मोजून बघा. आट्यांवरून तो भरेल जवळपास २१ मिलिमीटर! कारण तो अर्धा इंच म्हणजे जुन्या काळच्या पाइपाचं आतलं माप. इथेही नावावर जाऊ नका, हेच खरं.

आपल्या फौजेचा हिशेब

‘७.६२’ हा शब्द तुम्ही बातम्यांत शंभरदा ऐकला असेल. पण ७.६२ म्हणजे नेमकं काय? एके रायफलचं काडतूस ७.६२ बाय ३९. एसएलआरचं ७.६२ बाय ५१. नाव एकच, पण एकाचं काडतूस दुसरीत चालत नाही. गोळीच्या व्यासातही फरक आहे, ७.९ आणि ७.८. आणखी एक गोरेगाव!

भारतीय सैन्यात ही सगळी मंडळी एकत्र नांदलीत. ५.५६ची इन्सास घडली आपल्या पुण्यात, पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत. १९९९च्या कारगिल युद्धात ती जवानांच्या हातात होती. त्याआधीची एसएलआर ही बेल्जियमच्या एफएएल घराण्यातली, इच्छापूरच्या कारखान्यात बनलेली. फेब्रुवारी २०१९मध्ये अमेरिकेच्या सिग ७१६ या ७.६२ बाय ५१च्या ७२,४०० रायफलींचा करार झाला. डिसेंबर २०२१मध्ये उत्तर प्रदेशातल्या अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ बनवण्याचा सहा लाखांहून जास्त रायफलींचा करार झाला. आणि जानेवारी २०२४मध्ये एआरडीईनेच पुण्यात ‘उग्रम’ ही ७.६२ बाय ५१ची नवी रायफल समोर आणली.

आता शस्त्रागार सांभाळणाऱ्या आर्मररच्या जागी स्वतःला ठेवून बघा. इंचाचे आटे, मेट्रिक आटे, सुलटे, उलटे. एफएएल घराण्यात ९/१६ इंच आणि २४ आटे दिसतात, तेही उलटे. ९/१६ इंच म्हणजे १४.३ मिलिमीटर. एकेएमचे आटे १४ मिलिमीटरचे, तेही उलटेच. फरक अवघा ०.३ मिलिमीटर! डोळ्यांना दिसणार नाही, बोटांना कदाचित जाणवेल. जरा सैल वाटणारं साधन ‘चालतंय की’ म्हणून कसलं तर ते सरळ राहीलच याची खात्री नाही. म्हणून आर्मररच्या हातात व्हर्नियर आणि पिच गेज लागतं, अंदाज नव्हे.

हिंगोली शहरात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावणारी, पोलीस भरतीची स्वप्नं बघणारी पोरं मराठवाड्यातल्या गावागावांत दिसतात. त्यातल्या कुणाच्या हातात उद्या रायफल येईल, तेव्हा तिच्या तोंडावरचे आटे कुणीतरी, कुठेतरी नीट मोजलेले असतील या भरवशावरच तो ट्रिगर दाबणार.

ऑलिंपिकच्या रेंजवर

थोडं हलकं घेऊ. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं आणि आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले. त्याआधी २०१०मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. या प्रकारातली रायफल असते .२२ची.

या रायफलींच्या तोंडावर काय चालतं? आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहेत. मझल ब्रेक नाही, कॉम्पेन्सेटर नाही, नळीला भोकं पाडलेली चालत नाहीत. चालते ती फक्त साधी एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे नळीच्या पुढे लावलेली पोकळ नळी. तिच्यावर पुढची माशी बसवता येते. दोन्ही साइटमधलं अंतर वाढलं की नेमातली बारीकशी चूकही डोळ्यांना दिसते. बाकी धक्का सोसायचा तो खांद्यानं आणि स्थिर राहायचं ते श्वासानं. पदक मिळतं ते माणसाला, नळकांड्याला नाही!

ऑर्डर करण्याआधी थांबा

हे सगळं वाचून एखाद्याची बोटं शॉपिंग साइटकडे वळत असतील. ‘माझ्याकडे लायसन्स आहे, एक फ्लॅश हायडर मागवू का?’ अजिबात नको. आपल्या शस्त्रविषयक नियमांत आवाज किंवा भडका कमी करणारी साधनं सर्वांत कडक, म्हणजे प्रतिबंधित गटात टाकली आहेत. वडिलोपार्जित रायफलीचा परवाना म्हणजे या साधनांचा परवाना नव्हे. बरं, ‘ओळखीच्या लेथवाल्याकडून आटे पाडून घेतो’ असंही म्हणू नका. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५नुसार शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं यासाठीही वेगळा परवाना लागतो. तुमच्या हौसेपायी त्या बिचाऱ्या टर्नरच्या मागे पोलीस लागायचे.

म्हणजे नळीच्या तोंडाचे आटे निवडण्याचं काम आपल्याकडे डिझाइनर, कारखाने आणि आर्मरर यांचं. नेमबाजीची आवड असेल तर जिल्हा रायफल असोसिएशन किंवा एअर रायफलची रेंज गाठा. तिथे शिकवणारे आहेत, नियम आहेत आणि वीकेंडला तासभर मोबाइलशिवाय उभं राहण्याचं सुखही आहे.

चौकट : एका नजरेत आटे

१/२-२८ : चार सूत, बारीक. एम-१६ घराणं, अमेरिकन .२२, अनेक ९ मिलिमीटर नळ्या.

१/२-२० : चार सूत, थोडे जाड. ब्रिटनमधल्या .२२ रायफली.

१/२-३६ : चार सूत, सर्वांत बारीक. कोल्टची ९ मिलिमीटर कार्बाइन.

५/८-२४ : पाच सूत. ७.६२ बाय ५१च्या बहुतेक आधुनिक अमेरिकन रायफली, .३०० ब्लॅकआउट.

१४ x १ उलटे : मेट्रिक. एकेएम.

२४ x १.५ सुलटे : मेट्रिक. एके-७४.

आणि तुमच्या कामाची गोष्ट? रविवारी प्लंबर येईल, सायकल दुरुस्तीला जाईल किंवा कपाटाचा बोल्ट हरवेल, तेव्हा दुकानात जाऊन नुसतं ‘चार सुती द्या’ म्हणू नका. जुना तुकडा खिशात घालून न्या. व्यास किती, आटे किती आणि फिरतो कुठल्या बाजूला, हे तीन प्रश्न विचारा. नट हातानं दोन-तीन फेरे सहज फिरला तरच पाना लावा. अडला तर थांबा. जोर लावून बसवलेली कुठलीच गोष्ट फार काळ टिकत नाही, हे एव्हाना ऑफिसनं तुम्हाला शिकवलंच असेल!